चौथ्या दिवसाची जीप

बसा, पण जिन्याच्या तोंडाशी नको, जरा आत सरकून बसा. दिवा राहू दे बंद, डास कमी येतात. भुताची गोष्ट सांगा म्हणताय, तर मला भुतं फारशी ठाऊक नाहीत. सत्तावीस वर्षं कंपाउंडरकी केली. माणसं जाताना पुष्कळ पाहिली. गेलेलं माणूस परत आलेलं मात्र मी स्वतः कधी पाहिलं नाही. जिनं पाहिलं, ती बाई माझ्या चांगल्या ओळखीची. तिच्या शेजारी बसून मी पंधरा वर्षं गोळ्यांच्या पुड्या बांधल्यात. ती खोटं बोलत नसे. ती खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळा घोटाळा झाला तो त्याच्यामुळंच.

तसं काम साधं होतं. एका म्हाताऱ्या बाईंना जीपमध्ये बसवून मोठ्या गावच्या दवाखान्यात तपासणीला न्यायचं. नोव्हेंबरची पाच तारीख, सोमवार, सकाळी सात वाजता निघायचं ठरलं होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला सिस्टर लोकांचं घर होतं. दुमजली. खाली रस्त्याच्या बाजूला दवाखाना, तिथंच मी कामाला. मागच्या अंगाला सहा खाटांची एक लांबट खोली. तिला सगळे ‘मागची खोली’ म्हणत. ज्यांना कुणी नाही अशा सहा म्हाताऱ्या तिथं असायच्या. वर चॅपेल म्हणजे घरातलं प्रार्थनामंदिर, मदरचं ऑफिस आणि झोपायच्या खोल्या. राहणाऱ्या सिस्टर चारच. पहाटे साडेचारला घंटा, पाचला प्रार्थना, साडेसहाला फादर येऊन मिस्सा, म्हणजे त्यांची रोजची उपासना, करून जायचे. आठाला दवाखाना उघडायचा. दुपारी घरोघर आजाऱ्यांना भेटायला जायचं, संध्याकाळी रोझरी म्हणजे माळेचा जप, साडेआठला जेवण आणि नऊनंतर मौन. बाहेरच्यांना वाटायचं, सिस्टर म्हणजे दिवसभर गुडघे टेकून बसणारी माणसं. गुडघे टेकायला दिवसाकाठी दीड-दोन तास मिळाले तर पुष्कळ. बाकी सगळा वेळ चादरी, भांडी, बँडेज आणि बेडपॅन.

घराच्या मुख्य मदर. मदर वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो. चौघींचं घर चालवायचं, वरून येणाऱ्या पत्रांना उत्तरं द्यायची, छप्पर गळलं तर माणूस शोधायचा. त्यात त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. दुसऱ्या स्वयंपाकाच्या सिस्टर. त्यांची कंबर धरलेली असायची, बोलणंही कमीच. तिसऱ्या धाकट्या सिस्टर. धाकट्या म्हणजे छत्तीस वर्षांच्या, पण घरात त्याच लहान म्हणून नाव पडलं ते पडलं. त्या शिकलेल्या नर्स. दवाखाना आणि मागची खोली दोन्ही त्यांच्याकडं.

आणि चौथ्या आजी-सिस्टर. चौऱ्याऐंशी वर्षांच्या.

आजी-सिस्टरनी त्या घरात बेचाळीस वर्षं एकच काम केलं. मरणाऱ्याजवळ बसायचं. मागच्या खोलीतली कुणी असो की गल्लीतला कुणी असो, जातीधर्माचा प्रश्न नाही. निरोप आला की त्या निघाल्या. फार बोलायच्या नाहीत. खुर्ची ओढून घ्यायची, त्या माणसाचा हात धरायचा आणि सांगायचं, “मी इथंच आहे. घाबरू नकोस.” मग तास लागो की दोन रात्री लागोत, त्या उठायच्या नाहीत. एकटं कुणी जाता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

लोकांना त्यांचा आधार वाटायचा आणि धास्तीही. एक रिटायर मास्तर तापानं झोपले होते. आजी-सिस्टर सहज म्हणून त्यांच्या दाराशी आल्या, तर मास्तर आतून ओरडले, “मला नुसता खोकला झालाय, त्यांना शेजारी पाठवा.” आजी-सिस्टर आठवडाभर ते आठवून हसत होत्या.

धाकट्या सिस्टर त्या घरात आल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. पहिल्यांदा माणूस मरताना बघून मोरीत जाऊन रडल्या. आजी-सिस्टर मोरीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या. म्हणाल्या, “रड पोरी. तुझं झालं की आपण दोघी चहा घेऊ.” तेव्हापासून त्या दोघींचं माय-लेकीसारखं. एकदा धाकट्या सिस्टरनी विचारलं होतं, “तुम्ही सगळ्यांजवळ बसता, तुमच्याजवळ कोण बसणार?” आजी-सिस्टर म्हणाल्या, “तू. दुसरं कोण आहे मला?” धाकट्या सिस्टर म्हणाल्या, “मी बसेन. शब्द दिला.”

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आजी-सिस्टर मोरीत घसरल्या. खुब्याला मार बसला, डावा खांदा कायमचा उतरला. त्यानंतर त्यांना वरून खाली बोळालगतच्या खोलीत आणलं, आणि विसराळूपण वाढलं. उठवायला दोघी लागायच्या. तरी कशा कोण जाणे, मध्यरात्री भिंतीचा आधार घेत एकट्या उठून मागच्या खोलीत जायच्या आणि चांगल्या धडधाकट बायकांच्या खाटेशी बसून हात धरायच्या. जी जागी व्हायची तिची बोबडी वळायची. “सिस्टर, मी काही मरत नाही हो.” “बरं, मग झोप,” असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडं.

पण एका खाटेवरची बाई त्यांची वाट बघायची. ती शिवणवाली बाई. चाळीस वर्षं शाळेतल्या मुलांचे गणवेश शिवून पोट भरलेली. पोटात गाठ होती, दिवस मोजकेच राहिले होते. तिची आई घरात एकटी गेली होती, ही तेव्हा मशीनवर बसलेली. ते तिच्या मनातून जात नव्हतं. तिला मरणाचं भय नव्हतं, एकटं मरण्याचं होतं. आजी-सिस्टरनी तिला सांगून ठेवलं होतं, “तुझ्या वेळी मी येणार. कुठंही असले तरी येणार.” आजी-सिस्टर जेवलेलं विसरायच्या, वार विसरायच्या. हे विसरल्या नव्हत्या. रोज सकाळी तिच्या खाटेशी येऊन म्हणायच्या, “आहे ना लक्षात? मी येणार.”

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मदरनी धाकट्या सिस्टरना ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, “आजी-सिस्टरच्या खुब्याची नीट तपासणी करून घेऊ. आपलं मोठं घर आहे ना, म्हाताऱ्या सिस्टरांचं, तिथं त्यांना ठेवायचं. जवळच मोठा दवाखाना आहे. चार दिवसांचं काम. चौथ्या दिवशी जीप जाऊन घेऊन येईल.”

“त्या जायच्या नाहीत, मदर. शिवणवाल्या बाईंचं काही खरं नाही. त्यांना सोडून त्या हलणार नाहीत.”

“म्हणून तर तुम्हाला सांगतेय. माझं ऐकणार नाहीत. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे.”

मोठं घर जीपनं पाच तासांच्या वाटेवर. धाकट्या सिस्टरनी आजी-सिस्टरना समजावलं. आजी-सिस्टरनी एकच विचारलं, “चार दिवस नक्की?”

“नक्की. चौथ्या दिवशी मी स्वतः जीप घेऊन येते.”

“तू म्हणतेस म्हणजे झालं,” असं म्हणून आजी-सिस्टरनी छोट्या पिशवीत दोन झगे, एक चादर आणि प्रार्थनेचं पुस्तक भरलं. चार दिवसांना किती लागतंय. शिवणवाल्या बाईला म्हणाल्या, “चार दिवस दम धर हं.” ती हसली. धाकट्या सिस्टर त्यांच्याबरोबर जीपमध्ये गेल्या, मोठ्या घरी त्यांना खाटेवर बसवलं, पायांवर पांघरूण घातलं आणि त्याच रात्री परत आल्या.

मंगळवारपासून मोजलं तर चौथा दिवस शुक्रवार. त्या दिवशी सकाळी धाकट्या सिस्टर ड्रायव्हरला शोधत गेल्या. ड्रायव्हर म्हणाला, “मला तर कुणी काही सांगितलं नाही.” मदर म्हणाल्या, “रिपोर्ट यायचेत, अजून दोन दिवस.” मग पुढचा आठवडा. मग “डॉक्टर सुट्टीवर आहेत.” फोन करू का विचारलं, तर “नको, तुमचा आवाज ऐकला की त्या अस्वस्थ होतात म्हणे.” धाकट्या सिस्टरनी मान डोलावली. मदर सांगतात म्हणजे तसंच असणार. मागच्या खोलीत शिवणवाली बाई रोज विचारायची, “आल्या का?” आणि त्या सांगायच्या, “येतील, आज-उद्या.”

बुधवारी, एकवीस तारखेला संध्याकाळी मदर चॅपेलमध्ये होत्या. धाकट्या सिस्टरना औषधांच्या कपाटाची दुसरी किल्ली हवी होती म्हणून त्या ऑफिसात गेल्या. किल्ल्या टेबलाच्या खणात असायच्या. खणात वरच वरिष्ठांकडून आलेलं एक पत्र होतं, आणि पत्रात आजी-सिस्टरचं नाव. त्यांनी वाचलं. आजी-सिस्टरना मोठ्या घरी कायमचं हलवण्यास मान्यता आहे. त्यांची खोली साठवणीसाठी वापरावी. मन वळवण्याचं काम धाकट्या सिस्टरकडं सोपवावं, त्यांना पूर्ण कल्पना देण्याची गरज नाही. तारीख होती बारा ऑक्टोबर.

जीप निघण्याच्या चोवीस दिवस आधीची.

त्या तिथंच उभ्या राहिल्या. रोझरी संपवून मदर ऑफिसात आल्या, त्यांच्या हातातलं पत्र बघितलं आणि दार लावून घेतलं.

धाकट्या सिस्टर म्हणाल्या, “तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलं?”

मदर खुर्चीत बसल्या. थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, “तुम्हाला खरं सांगितलं असतं, तर तुम्हाला त्यांना खोटं सांगता आलं नसतं.”

 मग मदर कामाचं बोलायला लागल्या. दोघींच्या पाठी गेल्यात, उचलायला माणूस नाही, तिथं लिफ्ट आहे, चोवीस तास नर्स आहेत. सगळं खरं होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. धाकट्या सिस्टरना ते ऐकू येत होतं, पण लांबून. अकरा वर्षं त्या या बाईंना मदर म्हणत आल्या होत्या. आपलं खरं बोलणं या बाईंनी एखाद्या सुरीसारखं उचललं, वापरलं आणि धुऊन परत जागेवर ठेवलं. आणि ती सुरी चालली कुणावर, तर आजी-सिस्टरवर.

“मी उद्या सकाळी जाते. त्यांना घेऊन येते.”

“शिवणवाल्या बाईंना एक-दोन दिवस आहेत, असं डॉक्टर आजच म्हणाले. त्यांना टाकून जाल?”

ते मदरनी मुद्दाम म्हटलं की सहज, देव जाणे. पण धाकट्या सिस्टरचे पाय तिथंच बांधले गेले.

गुरुवारचा अख्खा दिवस त्या शिवणवाल्या बाईजवळ होत्या. बाई शुद्धीत होती. दुपारी तिनं पुन्हा विचारलं, “आल्या का?” या वेळी धाकट्या सिस्टरना ‘येतील’ म्हणवेना. त्यांनी नुसता तिच्या ओठांना पाण्याचा बोळा लावला. बाई म्हणाली, “येणार त्या. बोलल्यात मला.” आणि डोळे मिटून पडून राहिली.

तर ती रात्र. गुरुवार, बावीस नोव्हेंबर. म्हणजे तारीख बदलून शुक्रवार लागलेला. दीड वाजता दवाखान्याची घंटा वाजली. पलीकडच्या गोदामाचा रखवालदार, पायात काच गेलेली, टाचेपासून रक्ताची धार. धाकट्या सिस्टरनी शिवणवाल्या बाईची नाडी बघितली. मंद, पण नियमित. म्हणाल्या, “मी आलेच हं.” दुसरं करणार काय. रखवालदाराची काच काढली, पाच टाके घातले, पट्टी बांधली, फाटक उघडून त्याला बाहेर सोडलं आणि फाटकाला पुन्हा कुलूप लावलं. दवाखान्यातल्या घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं झाली होती.

चाळीस मिनिटं बाई एकटी होती.

त्या झपाझप बोळातून मागं निघाल्या. बोळातला दिवा चालू. मागच्या खोलीचं दार त्यांनी लोटून ठेवलं होतं. आता ते उघडं होतं. आत कोपऱ्यातला रात्रीचा छोटा दिवा. सहा खाटा. पाच जणी झोपलेल्या.

सहाव्या खाटेशी कुणीतरी बसलं होतं.

दाराकडं पाठ. पांढरा झगा, डोक्यावर पांढरं वस्त्र. वाकलेली पाठ. डावा खांदा उतरलेला…

आजी-सिस्टर.

धाकट्या सिस्टरना पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे? आनंद. भीती नाही. त्यांनी मला सांगितलं, की छातीवरचा मोठा दगड कुणी उचलावा तसं झालं. मदरना लाज वाटली असणार. रात्रीत जीप पाठवली, आणलं त्यांना. दारातूनच त्या हळू आवाजात म्हणाल्या,

“आलात?”

उत्तर नाही.

त्या पुढं गेल्या. शिवणवाल्या बाईचे डोळे उघडे होते. चेहऱ्यावरची दुपारची ती ओढ गेलेली. ती आजी-सिस्टरच्या तोंडाकडं बघत होती. एखादं लहान मूल आईकडं बघतं तसं. तिचा हात आजी-सिस्टरच्या हातात होता.

“सांगितल्याप्रमाणं आल्या,” ती म्हणाली. अगदी बारीक आवाज.

धाकट्या सिस्टर खुर्चीच्या मागं उभ्या राहिल्या.  म्हणाल्या, “मला माहीत नव्हतं हो. मदर चार दिवस म्हणाल्या म्हणून मी चार दिवस म्हणाले. मलाही फसवलं.”

काही नाही.

“माझ्यावर रागावलात?”

पाठ हलली नाही.

“एकदा बघा तरी माझ्याकडं.”

…

इतक्या जवळ उभ्या असूनही त्यांना आजी-सिस्टरचा श्वास ऐकू येत नव्हता. शिवणवाल्या बाईचा येत होता. पलीकडच्या खाटेवरचं घोरणं येत होतं. खुर्चीतून… काहीच नाही.

मग त्यांना फाटक आठवलं.

फाटक आत्ता त्यांनीच उघडलं होतं. त्यांनीच लावलं होतं. किल्ली त्यांच्या खिशात. आणि अंगणात जीप… जीप होती. पण ती कालपासून तिथंच होती. हललीच नव्हती.

पाच तासांची वाट.

त्यांना मागं सरकायचं होतं. 

आजी-सिस्टर उठल्या. कुणाचा आधार न घेता. ऑगस्टपासून ज्यांना दोघी उठवत होत्या, त्या. खुर्ची वाजली नाही. शिवणवाल्या बाईचा हात अजून त्यांच्या हातात. दुसरा हात त्यांनी मागं केला… न बघता… आणि धाकट्या सिस्टरचा उजवा हात धरला.

पुढं ओढला.

आणि बाईचा हात त्यात ठेवला.

वरून त्यांची बोटं एक क्षणभर दाबली. बस. मग सोडली.

तोंड फिरवलेलंच.

त्या खाटांच्या मधून चालत निघाल्या. एकेका खाटेशी थांबत. सावकाश. पाऊल वाजत नव्हतं. दाराशी पोचल्या. बोळातल्या उजेडात गेल्या.

मागं वळून पाहिलं नाही.

धाकट्या सिस्टरना धावायचं होतं. त्यांच्या मागं जायचं होतं, पायांवर पडायचं होतं, एक शब्द तरी काढून घ्यायचा होता. शिवी चालली असती. पण हातात हात होता. त्याची पकड सुटत चालली होती. आत्ता उठलं तर ही बाई एकटी जाईल.

दाराकडं बघितलं. बोळ रिकामा.

त्या खुर्चीत बसल्या.

बसूनच राहिल्या. “मी इथंच आहे,” म्हणाल्या, “घाबरू नका.” शिवणवाली बाई तीन वाजून पंचवीस मिनिटांनी गेली. शांतपणे. पकड सुटेपर्यंत धाकट्या सिस्टर हलल्या नाहीत.

मग उठल्या. बाईचे डोळे मिटले, चादर ओढली. बोळात आल्या. फाटकाला कुलूप तसंच होतं. जीपवर दव पडलेलं, बॉनेट गार. आजी-सिस्टरच्या खोलीचं दार उघडलं, तर आत छतापर्यंत सलाइनचे खोके. माणूस शिरायलाही जागा नव्हती.

चारला पाच मिनिटं असताना वर मदरच्या ऑफिसातला फोन वाजला. जिना चढताना धाकट्या सिस्टरना मदरचा आवाज ऐकू आला. “कधी?”  मग “बरं.”

मोठ्या घरच्या नर्सनं दोनच्या फेरीला आजी-सिस्टरना पाहिलं तेव्हा त्या जाग्या होत्या. अडीचच्या फेरीला गेलेल्या. त्या वेळी खोलीत कुणी नव्हतं.

मागची खोली आणि शिवणवाल्या बाईंचं पुढचं गल्लीतल्या लोकांवर सोपवून त्याच सकाळी जीप निघाली. मदर पुढं ड्रायव्हरशेजारी. मागं धाकट्या सिस्टर, स्वयंपाकाच्या सिस्टर आणि मी. पाच तास. पहिले दोन तास गेले. मग धाकट्या सिस्टरनी मला हे सगळं सांगितलं. हळू नाही, चांगलं मोठ्यानं. पुढं ऐकू जाईल असं. मदर समोर रस्त्याकडं बघत होत्या. मध्ये एकदा त्यांनी चष्मा काढला आणि तो पुन्हा डोळ्यांवर चढवायला त्यांना फार वेळ लागला.

मोठ्या घरच्या सिस्टरनी बाकीचं सांगितलं. पहिले तीन दिवस आजी-सिस्टर मजेत होत्या, सगळ्यांशी बोलत होत्या. “मला इथं करमतंय, पण शुक्रवारी माझी पोरगी येणार आहे न्यायला.” शुक्रवारी सकाळी सहाला तयार होऊन पिशवी मांडीवर घेऊन त्या दाराशी बसल्या. दुपारी जेवायला उठल्या नाहीत. अंधार पडल्यावर दोघींनी धरून आत आणलं. शनिवारी तसंच. रविवारी तसंच. मग कुणीतरी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. तुम्ही आता इथंच राहायचं आहे, आधीच ठरलेलं आहे.

“काय म्हणाल्या?” धाकट्या सिस्टरनी विचारलं.

“काहीच नाही. त्यानंतर त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. मरेपर्यंत एक शब्द नाही.”

चॅपेलच्या दाराशी लावायच्या कागदावर मदरनी लिहायला घेतलं, की आपल्या प्रिय भगिनी सर्व भगिनींच्या सान्निध्यात शांतपणे प्रभूकडं गेल्या. धाकट्या सिस्टरनी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. ‘सर्व भगिनींच्या सान्निध्यात’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘एकट्या’.  तो कागद तसाच लागला. पुरायला आलेल्या सगळ्यांनी तो वाचला.

पुढं धाकट्या सिस्टर आमच्याकडं चार वर्षं राहिल्या. मदरशी कामापुरतं बोलायच्या, आज्ञा मोडली असं कधी झालं नाही. पण ‘मदर’ ही हाक त्यांच्या तोंडून पुन्हा मी ऐकली नाही. मग स्वतः अर्ज करून त्या मोठ्या घरी गेल्या. रात्रपाळी मागून घेतली. अजून तिथंच आहेत.

आता तुम्ही म्हणाल, काका, दोन रात्रींचं जागरण, मनाला लागलेलं, डोळ्यांना भास झाला असेल. मीही तेच म्हणालो असतो.

पण त्या रात्रीनंतर सिस्टरच्या उजव्या हाताची बोटं गार असायची. थंडीतली गार नव्हे… मे महिन्यात, डाव्या हाताला घाम असताना. पेशंट दचकायचे. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, नाडी चांगली, रक्त चांगलं, काही सापडलं नाही. म्हणून आठाला दवाखाना उघडला की मी टेबलावर त्यांच्यासाठी एका भांड्यात कढत पाणी ठेवायचो. पेशंटला हात लावण्याआधी त्या त्यात बोटं बुडवायच्या.

थोड्या वेळानं मी ते भांडं उचलायचो, बदलायला.

पाणी गार झालेलं असायचं. विहिरीतून नुकतं काढल्यासारखं.

आणि बोटं तशीच.

चार वर्षं, रोज, मीच बदललंय ते पाणी.